बांध नसलेलं शिवार: नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन

तिठा

आमचे बाबा कुठल्याही अनोळखी शिवारात गेले की पिकाआधी बांध बघतात. बांध केवढा रुंद आहे, त्यावरचं झाड कुणाचं, कुणी कोरत आणलाय का. त्याला कारण आहे. दीड हाताच्या बांधापायी त्यांची चौदा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात गेली.

तीन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे नॉटिंगहॅमला आले होते. डिसेंबरचे दिवस, साडेतीनलाच अंधारून यायचं. राजवाडे, किल्ले, बाजार सगळं दाखवून झालं, पण त्यांचं मन काही रमेना. मग एका रविवारी त्यांना लॅक्स्टनला घेऊन गेले. उत्तरेला पाऊण तासाच्या अंतरावर, ऑलर्टन आणि टक्सफर्डच्या मधे हे छोटंसं गाव आहे. विटांची घरं, कौलं, एक जुनं चर्च, एक पब. गाडीतून जाणारा माणूस थांबणारही नाही.

गावाबाहेर मिल फील्डच्या कडेला उभे राहिलो. बोटभर उगवलेला गहू नजर पोचेल तिथवर. मधे ना बांध, ना कुंपण, ना झुडपांची ओळ. इंग्लंडचं शिवार म्हटलं की हिरव्या कुंपणांचे चौकोन डोळ्यांपुढे येतात, इथे त्यातलं काही नाही. बाबा म्हणाले, "एकाच मालकाचं दिसतंय." मी म्हटलं, "बाबा, यात कितीतरी जणांचे पट्टे आहेत."

"मग हद्द कुठाय?"

ती त्यांनीच शोधली. गव्हाच्या दोन ओळींमधे लाकडाची एक खुंटी जमिनीतून वीतभर वर आली होती. नवीकोरी. हातोडीच्या घावांनी तिचं डोकं फुलारलं होतं, कडेला ओल्या लाकडाचे धागे सुटले होते. बाबा कडेलाच उकिडवे बसले, एक डोळा मिटून तिच्या रेषेत पुढची खुंटी बघितली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. तिथली माती लालसर, चिकण. परत निघेपर्यंत दोघांच्या बुटांना किलो किलो चिखल चिकटला होता.

ती खुंटी गावच्या पंचांनी ठोकलेली होती. लॅक्स्टनचा खरा वारसा हाच आहे, म्हणून हा धागा काढतेय.

युरोपात मध्ययुगात बऱ्याच भागांत होती ती खुल्या शेतांची पद्धत इथे अजून चालू आहे. गावाभोवती तीन मोठी शेतं आहेत: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्हींत विखुरलेले. एका वर्षी एका अख्ख्या शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीक. पुढच्या वर्षी पाळी बदलते. पडीक शेतात पूर्वी गावची मेंढरं चरायची, आता बहुतेक चाऱ्याचं पीक किंवा गवत असतं. कुणाला वाटलं म्हणून आपल्या पट्ट्यात वेगळं काही पेरता येत नाही. मधे कुंपण नसताना एकाचा गहू आणि दुसऱ्याचं चराऊ रान शेजारी नांदणार कसं?

ही घडी मोडू नये म्हणून गावात मॅनॉरचं, म्हणजे जुन्या जमीनदारीचं कोर्ट आहे, कोर्ट लीट. नोव्हेंबरच्या शेवटी बारा शेतकऱ्यांची ज्यूरी, म्हणजे हे पंच, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गव्हाच्या शेताची फेरी करते. कुणी नांगर रस्त्यात घातला का, शेजाऱ्याच्या पट्ट्यात शिरला का, सामाईक गवताचा काठ खाल्ला का, हे बघत जिथे हद्द पुसट झालीय तिथे खुंट्या ठोकते. मग डव्हकोट इन या पबमधे सगळ्यांचं जेवण. आठवड्याने तिथेच कोर्ट भरतं, ज्यूरी आपला अहवाल देते, ज्याने चूक केली त्याला दंड होतो. दंड किरकोळच असतो, पण सगळ्या गावासमोर नाव वाचलं जातं. पुढच्या वर्षीची ज्यूरीही तिथेच शपथ घेते.

आम्ही पोचलो तेव्हा हे सगळं नुकतंच होऊन गेलेलं होतं. म्हणून खुंटी नवी होती.

---

माणदेशी

लय भारी धागा, ताई. डोळ्यांपुढं उभं केलंत. एक शंका. इंग्लंडभर कुंपणं आली आणि हे गाव कसं सुटलं? कुणी आंदोलन केलं होतं का?

---

तिठा

@माणदेशी, आंदोलन नाही. हे गाव जमीनदारांच्या बेबनावामुळे वाचलं.

१६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश पार्लमेंटने खुली शेतं कुंपणात घालण्याचे पाच हजारांहून जास्त कायदे केले, त्यांत सुमारे ६८ लाख एकर जमीन आली. बहुतेक प्रत्येक गावासाठी वेगळा कायदा. खुली शेतं मोडायची, विखुरलेले पट्टे गोळा करून प्रत्येकाला एका जागी तुकडा द्यायचा, भोवती कुंपण घालायचं, सामाईक रान वाटून टाकायचं. ज्यांची गुजराण गावाच्या गायरानावर होती त्या गरिबांच्या हाती फार थोडं लागलं, अनेकांना मजुरीला जावं लागलं.

लॅक्स्टनमधे बरीचशी जमीन अर्ल मॅनव्हर्स या सरदाराची होती आणि दुसरा मोठा वाटा अर्ल ऑफ स्कारबरोचा. वाटणी कशी करायची यावर दोघांचं एकमत होईना. एकोणिसावं शतक त्यातच सरलं. नंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्सने बारीक पट्टे जोडून मोठे केले, पण तीन शेतं, पाळी आणि कोर्ट तसंच ठेवलं.

---

पोटहिस्सा

मी मोजणी खात्यातून निवृत्त झालो. आयुष्यभर हद्दीचे दगड शोधत फिरलो, म्हणून हा धागा दोनदा वाचला.

आपण "दोन फर्लांगावर घर" म्हणतो. फर्लांग हा शब्द इंग्रजीत नांगराच्या तासावरून आला आहे. बैलांनी एका दमात ओढायचं तास जितकं लांब, तितका फर्लांग. असा फर्लांगभर लांब आणि एक साखळी रुंद पट्टा म्हणजे एक एकर: ६६० फूट गुणिले ६६ फूट. ढोबळमानाने एका नांगराचं दिवसाचं काम. खुल्या शेतांतले लांबट पट्टे याच मापाच्या अंगाने जातात. गावोगाव थोडा फरक पडायचा, तो सोडा.

आता आपला गुंठा बघा. ३३ फूट गुणिले ३३ फूट. त्या इंग्रजी साखळीची बरोबर निम्मी लांबी. म्हणून ४० गुंठ्यांचा एकर होतो. कंपनी सरकारने १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जी नवी मोजणी सुरू केली, गोल्डस्मिड आणि विंगेट यांची, तिच्यातून हे माप आपल्या सातबारापर्यंत आलं. लॅक्स्टनच्या शेतकऱ्याचा पट्टा आणि माझ्या भावाचे अकरा गुंठे एकाच साखळीने मोजलेले निघाले. नोकरीत असताना हे कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

आणखी एक. जुने पट्टे अगदी सरळ नसतात, किंचित वळलेले असतात, हे वाचलंय. आठ बैलांचा नांगर टोकाला वळवायचा तर आधीपासूनच तिरकं घ्यावं लागतं. आपल्याकडेही काळ्या रानात सहा-आठ बैलांचा लाकडी नांगर चालायचा. लहानपणी पाहिलाय. वळण घेताना पुढची जोडी पार शेजाऱ्याच्या रानात जायची आणि तो काही म्हणायचा नाही.

---

अनघा_प

किती सुंदर माहिती, काका!

मला गावाच्या रचनेबद्दल सांगायचंय. मी नेवार्कला राहते, लॅक्स्टनला बऱ्याचदा जाते. तिथली जुनी शेतघरं गावच्या मुख्य रस्त्यालाच आहेत, काही घरांची आखूड बाजू रस्त्याकडे आणि लांबी मागे. मागे गोठा, खळं, परसू. इंग्लंडात इतरत्र शेतकऱ्याचं घर बऱ्याचदा शेतात एकटं असतं, कारण कुंपणं आल्यावर जमीन एका जागी आली आणि माणसं तिथे राहायला गेली. इथे पट्टे तीन दिशांना, मग घर गावातच हवं.

आपल्याकडे पांढरी आणि काळी म्हणतात तेच नाही का हे? माणसं पांढरीत, पीक काळीत. माझ्या सासूबाई त्या रस्त्यावरून चालताना म्हणाल्या, "हे तर आपलं गावठाण झालं."

आणि कोंडवाडासुद्धा आहे बरं का. गावात भिंतीची जुनी पिनफोल्ड आहे. सुटलेली जनावरं कोंडायची, मालकाने दंड भरून सोडवून न्यायची. सासूबाईंना शब्द शिकवावा नाही लागला.

चर्चमधे एव्हरिंगहॅम घराण्याच्या मध्ययुगीन मूर्ती आहेत, त्यांतली एक लाकडाची. बाकीच्या दगडी मूर्ती थंड वाटतात, ती वाटत नाही. गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातल्या किल्ल्याची मातीची टेकडी आहे. दगड उरलेला नाही, नुसती माती आणि गवत. तिथून खालचं शिवार बघायला संध्याकाळी जावं.

---

स्पष्ट_बोलतो

सगळे भारावलेत म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. राग मानू नये.

मूळ धाग्यात बाबा म्हणाले "एकाच मालकाचं दिसतंय". ते बरोबरच नाही का? जमीन जमीनदाराची आणि शेतकरी कुळं, असंच ना? मग ही मॅनॉरची, म्हणजे सरंजामी व्यवस्थाच. आपल्याकडे कूळकायदा येण्यासाठी माणसांनी किती सोसलं, आणि आपण जमीनदारीचा अवशेष वारसा म्हणून मिरवायचा? शिवाय आजच्या यंत्रांना तुकड्यांची शेती परवडत नाही. आपल्याकडे १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा याच कारणासाठी आला.

---

तिठा

@स्पष्ट_बोलतो, राग कसला, हा प्रश्न पडायलाच हवा.

हो, बाबांचं खरं निघालं. जमीन मुख्यत्वे एका इस्टेटीची आहे, कसणारे कुळं आहेत. मालकी फिरत आलीय. १९५२ साली मॅनव्हर्सकडून कृषी मंत्रालयाने घेतली, ही पद्धत टिकावी म्हणूनच. १९८१ साली ती राजसंपत्ती सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेली. २०२० साली थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे जुन्या मॅनव्हर्स घराण्याच्याच वारसांकडे परत आली. प्रत्येक वेळी गावात धाकधूक होती की नवा मालक काय करेल.

पण मालक फक्त खंड घेतो. कुठे नांगरायचं, रस्ता किती सोडायचा, गवत कुणी कापायचं हे ज्यूरी ठरवते, आणि ज्यूरीत ते शेतकरीच असतात. जमीनदारी मलाही नको. मला मोलाची वाटते ती बारा शेजाऱ्यांनी शेताची फेरी मारून एकमेकांच्या तोंडावर "तू दोन फूट आत आलास" म्हणायची सवय. ती मालकाने दिलेली नाही.

परवडण्याबद्दल: तिथल्या शेतकऱ्यांकडे या खुल्या पट्ट्यांशिवाय कुंपणातली जमीनही असते. नुसत्या पट्ट्यांवर आजचं घर चालणं अवघड आहे, हे तुमचं मान्य.

---

पोटहिस्सा

एकत्रीकरणाचा विषय निघालाय म्हणून लिहितो. गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, ते आम्हीच केलं. कागदावर फार नीट दिसायचं. पण ज्याचा एक तुकडा नदीकाठी, एक माळावर, एक मुरमाड होता, त्याने ते पिढ्यान्‌पिढ्या विचारपूर्वक राखलेले असायचे. पाऊस जास्त झाला तर माळ पिकतो, कमी झाला तर नदीकाठ. एका जागी आणल्यावर एकाच्या वाट्याला सगळं चांगलं आणि दुसऱ्याच्या वाट्याला सगळा मुरूम आला. एक म्हातारे गृहस्थ नकाशावर हात ठेवून मला म्हणाले होते, "साहेब, तुम्ही माझं नशीब एकाच खिशात घातलंत."

लॅक्स्टनच्या पट्ट्यांमागेही हाच हिशेब असणार. चिकणमातीच्या रानात एका उताराला पाणी साचतं, दुसऱ्याला नाही.

---

पांझराकाठ

धुळ्याकडचा आहे. हे वाचताना सारखं वाटत होतं की हे मी आधी पाहिलंय. आणि पाहिलंच आहे: आमची फड पद्धत.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर छोटे बंधारे बांधून पाटाने पाणी शेतात आणायचं, ही पद्धत तीनशे वर्षांहून जुनी मानतात. पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग करायचे, ते फड. एका फडात एका हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं: एकात ऊस, एकात गहू, एकात हंगामी पीक. पुढच्या वर्षी पाळी फिरते. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात असते, म्हणजे पाणी कमी पडून एक फड बंद ठेवला तरी कुणी एकटा बुडत नाही. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागले, वर पंच. पाटाचा गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा.

तिकडे तीन शेतं, इकडे तीन-चार फड. तिकडे ज्यूरी, इकडे पंच. तिकडे गोष्ट कुंपणावर अडलेली, इकडे पाण्यावर. कुणी कुणाकडून शिकलेलं नाही.

माझे आजोबा सांगायचे, पाटकऱ्याला पाण्याच्या वाटपात कुणी शब्द टाकायचा नाही, पंचांच्या घरच्यांनीसुद्धा नाही. स्वतःच्या फडात पाणी उशिरा आलं तरी आजोबा बांधावर गप्प बसून राहायचे. पुढे विहिरी वाढल्या, वर धरणं झाली, ज्याच्या त्याच्या मोटारी आल्या. बऱ्याच ठिकाणी फड नावालाच उरले. लॅक्स्टनला कुणी सरकारी पैसे घालून शेत राखलं, आमचे फड अभ्यासकांच्या अहवालात राहिले, याचं मला खरंच वाईट वाटतं.

---

अनघा_प

@पांझराकाठ, हे वाचून गलबलून आलं. फडांवर वेगळा धागा काढाच.

---

कायद्याचं_बोल

कोर्ट लीटबद्दल थोडं. इंग्लंडात अशी मॅनॉर कोर्टं शेकड्याने होती. १९७७ च्या न्यायप्रशासन कायद्याने त्यांचे उरलेसुरले अधिकार काढून घेतले. काही कोर्टं आजही भरतात, पण समारंभ म्हणून. लॅक्स्टनचा अपवाद मुद्दाम केला गेला. शेतीच्या बाबतीत त्या कोर्टाचा अधिकार कायद्याने शाबूत आहे. म्हणजे तो पबमधला दंड खराखुरा दंड आहे.

आमच्याकडे रोज रस्ता अडवल्याच्या, वहिवाट बंद केल्याच्या तक्रारी येतात. मामलेदार कोर्टाचा कायदा १९०६ चा. त्याखाली तहसीलदार स्थळपाहणी करून रस्ता मोकळा करायचा आदेश देऊ शकतो. पण पाहणीला साहेब येईपर्यंत पेरणी होऊन पीक कापणीला येतं. लॅक्स्टनमधे पाहणीची तारीख पेरणीनंतर लगेच, ठरलेली, दरवर्षी, तक्रार असो नसो. माझ्या मते सगळा फरक या एका गोष्टीत आहे. तक्रार करणारा एकटा पडत नाही, कारण त्याला तक्रार करावीच लागत नाही.

---

रानभेंडी

मला त्या गवताच्या काठांबद्दल उत्सुकता आहे. ते कुणाच्याच मालकीचे नसतात का?

---

तिठा

@रानभेंडी, त्यांना तिथे साइक म्हणतात. शेतांमधे जिथे उतार जास्त किंवा ओल फार, ओहोळाच्या कडेने, तिथे नांगर चालत नाही. ते पट्टे शतकानुशतकं गवताखालीच राहिले. त्यातलं गवत कापायचा हक्क दर उन्हाळ्यात लिलावाने देतात. कधीच नांगर न लागल्यामुळे तिथे जुन्या कुरणांतली फुलं उरली आहेत आणि आता तो भाग निसर्गदृष्ट्या संरक्षित आहे. ज्यूरी साइककडे फार बारकाईने बघते. शेजाऱ्याचा पट्टा कोरला तर शेजारी ओरडतो, साइक कोरली तर ओरडणारं कुणी नसतं.

आणि १६३५ चा नकाशा राहिलाच! तेव्हाचे मालक सर विल्यम कोर्टेन यांच्यासाठी मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने गावचा नकाशा काढला, एकेक पट्टा दाखवून. दोन हजारांहून जास्त पट्टे आहेत त्यात. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यावर बारीक बारीक माणसं रंगवली आहेत: कुणी नांगरतोय, कुणी कापणी करतोय, कुणी हरणामागे धावतोय. आजची तिन्ही शेतं त्या नकाशावर ओळखता येतात. गावातल्या माहिती केंद्रात हे सगळं नीट मांडलंय.

---

माणदेशी

ताई, पुढल्या वर्षी लेकाकडं लेस्टरला येणार आहे. कधी यावं म्हणजे ते खुंट्या ठोकणं बघायला मिळंल? आणि बाबांचं पुढं काय झालं ते नाही सांगितलंत.

---

तिठा

@माणदेशी, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा धरा, पण तारीख आधी विचारून घ्या. पावसाळी बूट आणा, गावात बस फार कमी, लेकाला गाडी काढायला सांगा. शेतात शिरू नका, रस्त्यावरून आणि पायवाटांवरून छान दिसतं.

बाबा आता पंढरपूरजवळ गावीच असतात. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे तीन शेतांची नावं मराठीत लिहून ठेवलीत आणि दरवर्षी डिसेंबरात फोनवर विचारतात, "यंदा गहू कुठल्या शेतात?" पहिल्या वर्षी मला सांगता आलं नाही, तर नाराज झाले. तेव्हापासून मी जाऊन बघून येते.

आम्ही दोघं उभे होतो त्या मिल फील्डमधे या वर्षी परत गव्हाची पाळी आहे. गेल्या रविवारी गेले होते. जिथे बाबा बसले होते तिथेच रस्त्यापासून अंदाजाने पावलं मोजली. खुंटी सापडली, नवी. फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा करून बघितला असावा, कारण तासाभराने उत्तर आलं: "पुढच्या खुंटीचा पण पाठव. रेष बघायची आहे."